आवरायचं कुणी?

स्प्रिंगमधल्या एखाद्या क्लासच्या डोक्यावर @सर्व्हिस लिहिलं की आपण एक जुना हक्क सोडून देतो. त्या क्लासचा ऑब्जेक्ट कधी तयार करायचा, किती करायचे, त्याला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी कुठून आणून द्यायच्या आणि सगळं संपल्यावर आवराआवर कुणी करायची, हे यापुढे आपण ठरवत नाही. कंटेनर ठरवतो. ‘न्यू’ हा शब्द कोडमधून जवळजवळ हद्दपार होतो आणि नव्या माणसाला वाटतं, चला, काम हलकं झालं. हक्काबरोबर जबाबदारीही सगळी गेली असती तर ते खरंही ठरलं असतं. ती अर्धीच जाते. उरलेली अर्धी कोणती, हे सांगण्यासाठी या पुस्तकाचा खटाटोप.

कोल्हापुरात जावा शिकणारी मुलं थोडीथोडकी नाहीत. केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, शिवाजी विद्यापीठ, शिवाय राजारामपुरीच्या गल्ल्यांमधले क्लासेस. इथून बाहेर पडणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्याची वाट धरतात. मुलाखतीत ॲनोटेशनांवर प्रश्न हमखास येतो, म्हणून यादी तोंडपाठ असते. @कंपोनंट, @ऑटोवायर्ड, @पोस्टकन्स्ट्रक्ट, @प्रीडिस्ट्रॉय. सिंगलटन, प्रोटोटाइप, रिक्वेस्ट, सेशन. धडाधड म्हणून दाखवतात. पुढचा प्रश्न टाकला की, बाबा रे, ही @पोस्टकन्स्ट्रक्टची मेथड नेमकी चालवतं कोण, आणि त्यानं ती चालवलीच नाही तर तुला कळणार कसं, तर समोर शांतता पसरते.

ॲनोटेशन स्वतः काहीही करत नाही. क्लास फाइलमध्ये साठवलेली ती एक नोंद असते. ती वाचणारा कुणी असेल, वेळेवर वाचत असेल आणि वाचून त्याप्रमाणे वागायला बांधलेला असेल, तरच त्या नोंदीला किंमत. ऑब्जेक्टच्या आयुष्यक्रमाच्या, म्हणजे लाइफसायकलच्या, संदर्भातले जे घोळ नेहमी पाहायला मिळतात, त्यांतले बहुतेक या तीन अटींपैकी एखादी गृहीत धरल्यामुळे झालेले असतात.

गोष्ट १९९८ पासून सुरू करतो, कारण त्या वर्षी दोन घटना घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काडीइतकाही संबंध नव्हता. पहिली आपल्याच जिल्ह्यातली. वारणानगरच्या आसपासच्या ७० गावांत संगणक केंद्रं उभारण्याचा प्रकल्प त्या वर्षी हाती घेतला गेला. केंद्र सरकारची एनआयसी, राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणेचा सहकारी समूह, असे तिघे त्यात होते. उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचं वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला कारखान्यावर हेलपाटा न मारता गावातच मिळावी, हा हेतू. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेनं त्यांतल्या काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनं तेच काम करून पाहिलं. माहिती होती तीच. गावात दिवसभर चालू ठेवावं लागणारं यंत्र मात्र गेलं आणि विचारण्यापुरता जन्मणारा, उत्तर देऊन संपणारा संदेश त्याच्या जागी आला. कोणती गोष्ट किती वेळ जिवंत ठेवायची हा प्रश्न म्हटलं तर तिथंही होताच.

दुसरी घटना सन मायक्रोसिस्टिम्सच्या घरची. एंटरप्राइज जावाबीन्सची, म्हणजे ईजेबीची, पहिली आवृत्ती १९९८ चीच. मोठ्या उद्योगांचे व्यवहार सांभाळणारे ऑब्जेक्ट सर्व्हरनं पाळायचे, ही कल्पना चांगली होती. पण सर्व्हरशी बोलायचं तर प्रत्येक बीनला ठरावीक मेथडी लिहाव्या लागत: तयार होतानाची, निष्क्रिय करून बाजूला ठेवतानाची, पुन्हा जागं करतानाची, काढून टाकतानाची. तुमच्या बीनला यातलं काही करायचं नसलं तरी रिकाम्या कंसांसकट त्या लिहायच्याच. ज्यांनी त्या काळी हे काम केलं आहे त्यांना त्या रिकाम्या मेथडी अजून आठवत असतील. चार ओळींच्या कामासाठी चाळीस ओळींची सरबराई.

त्याविरुद्ध उठाव केला रॉड जॉन्सननं. हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ संगीतशास्त्राचा डॉक्टर, ही माहिती विषयाला धरून नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००२ मध्ये त्याचं जे२ईईवरचं जाडजूड पुस्तक आलं आणि पुस्तकासोबतच्या कोडमधूनच पुढे स्प्रिंग उभं राहिलं. युर्गन होलर आणि यान कारोफ यांनी त्याला तो कोड सर्वांना खुला करायला लावला. स्प्रिंग हे नाव कारोफनं सुचवलेलं. जुन्या जे२ईईच्या हिवाळ्यानंतरचा वसंत, असा त्याचा भाव. १.० आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन फाउलरनं आपल्या लेखात या पद्धतीला ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ करून दिलं. तत्त्व साधं होतं. ऑब्जेक्टनं आपल्याला लागणाऱ्या गोष्टी शोधत हिंडू नये; त्या बाहेरून आणून द्याव्यात, आणि ऑब्जेक्टला आपण कुणाच्या ताब्यात आहोत याचा पत्ताही असू नये.

सुरुवातीच्या स्प्रिंगमध्ये आयुष्यक्रमाची सगळी माहिती एक्सएमएलमध्ये असे. कुठल्या बीनची इनिट-मेथड कोणती, डिस्ट्रॉय-मेथड कोणती, सगळं एका फाइलमध्ये. ती फाइल वाढत वाढत हजार ओळींची होई आणि तिच्यातली एक चूक शोधताना डोळे फुटत. पण जाता जाता तिच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो: संपूर्ण यंत्रणेत कोण कुणाच्या आधी उठतो आणि कोण शेवटी दिवा मालवतो, हे एका जागी बसून वाचता येई. ॲनोटेशन आल्यावर ही सोय गेली आणि तिची उणीव आपण पुरेशी बोलून दाखवली नाही, असं माझं मत आहे.

जावामध्ये ॲनोटेशन आलं २००४ च्या सप्टेंबरात, जावा ५ बरोबर. २००६ मध्ये जेएसआर २५० या मानकानं @पोस्टकन्स्ट्रक्ट आणि @प्रीडिस्ट्रॉय ही जोडी दिली. २००७ मध्ये गूगलनं ग्यूस बाहेर काढलं आणि त्याच वर्षाअखेरीस स्प्रिंग २.५ मध्ये @ऑटोवायर्ड, @कंपोनंट आले. २००९ मध्ये @इंजेक्टचं मानक ठरलं. ग्यूसवाला बॉब ली आणि स्प्रिंगवाला जॉन्सन या दोघांनी मिळून ते मांडलं. त्याच सुमारास गॅविन किंगच्या पुढाकारानं सीडीआय आलं. इतिहास इतकाच पुरे. सनावळीची परीक्षा कुणी घेत नाही. या सगळ्यांनी सारखेच शब्द वापरले तरी त्यांचे अर्थ एकच ठेवले नाहीत, हे मात्र विसरू नका. त्यावर पुढे येतो.

पुस्तकातलं मुख्य उदाहरण उसाच्या काट्याचं घेतलं आहे. इथल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं. गव्हाणीत ऊस रिकामा करून ती परत येते, पुन्हा वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ वजन, आणि त्याची पावती शेतकऱ्याच्या नावावर. काट्याचा इंडिकेटर संगणकाला आरएस-२३२ केबलनं जोडलेला असतो आणि ते सिरियल पोर्ट एका वेळी एकालाच उघडता येतं. म्हणजे या पोर्टची देखभाल करणारा ऑब्जेक्ट एकच हवा, तो सर्व्हर उठल्या उठल्या तयार हवा आणि जाताना त्यानं पोर्ट सोडून जायला हवं. आयुष्यक्रमाचे तिन्ही प्रश्न एका केबलमध्ये.

आता हे पोर्ट उघडायचं कुठं? नवशिका कन्स्ट्रक्टरमध्ये उघडतो. पोर्टचं नाव सेटिंगच्या फाइलमधून फील्डवर येणार असेल, तर कन्स्ट्रक्टर चालताना ते फील्ड अजून रिकामंच असतं. कंटेनर आधी कन्स्ट्रक्टर चालवतो, मग फील्ड आणि सेटर भरतो, मग @पोस्टकन्स्ट्रक्टची मेथड, मग इनिशिअलायझिंगबीन या इंटरफेसची मेथड, मग कुणी वेगळी इनिट-मेथड सांगितली असेल तर ती. लागणाऱ्या गोष्टी कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधून मागितल्या तर अर्धी भानगड मिटते आणि मी तेच सुचवतो. तरीही पोर्ट उघडण्यासारखं बाहेरच्या जगाला हात लावणारं काम @पोस्टकन्स्ट्रक्टमध्येच शोभतं. युनिट टेस्ट लिहिताना ऑब्जेक्ट नुसता बनवला तर केबल नसलेल्या लॅपटॉपवर तो आदळू नये, एवढं कारणही पुरे आहे.

या क्रमात आणखी एक पायरी आहे आणि ती यादीत कुणी पाठ करत नाही. @ट्रान्झॅक्शनलसारखी ॲनोटेशनं ज्या प्रॉक्सीमुळे चालतात, तो प्रॉक्सी ऑब्जेक्टभोवती या सगळ्यानंतर चढतो. समजा, सर्व्हर सुरू होताना गावांची आणि गटांची यादी डेटाबेसमध्ये भरायची आहे, आणि त्या मेथडवर @पोस्टकन्स्ट्रक्ट आणि @ट्रान्झॅक्शनल ही दोन्ही ॲनोटेशनं शेजारी शेजारी लिहिली. दिसायला झकास. चालताना दुसरं निकामी, कारण मेथड चालली तेव्हा प्रॉक्सी होताच कुठं? निम्मी गावं भरून झाल्यावर चूक आली तर ती निम्मी तशीच राहतात, मागे फिरत नाहीत. असं काम सगळं ॲप्लिकेशन उभं राहिल्याच्या इव्हेंटवर ठेवावं. दोन ॲनोटेशनं एकाच मेथडवर असली तरी त्यांचे वाचणारे वेगळे आणि वाचायच्या वेळाही वेगळ्या, हे इथं जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

मग स्कोप. इथं साखर कारखान्याचाच दाखला देतो. कारखान्यात काही माणसं कायम असतात. गाळप चालू असो की बंद, त्यांचं नाव पटावर. काही हंगामी, बॉयलर पेटला की हजर, हंगाम संपला की घरी. आणि तोडणी टोळ्या असतात. बीडकडून मुकादम त्यांना घेऊन येतो, उचल मुकादमाच्या हाती जाते, आणि टोळीतल्या माणसाचं पुढे काय झालं हे कारखान्याच्या पगारपत्रकाला ठाऊक नसतं. सिंगलटन म्हणजे कायम. रिक्वेस्ट आणि सेशन हे हंगामी, हंगाम सेकंदाचा असो की अर्ध्या तासाचा. आणि प्रोटोटाइप म्हणजे टोळी. स्प्रिंग तो तयार करून देतं, त्याचं @पोस्टकन्स्ट्रक्टही चालवतं, पण हातात दिला की विसरतं. प्रोटोटाइपचं @प्रीडिस्ट्रॉय स्प्रिंग कधीच चालवत नाही. स्प्रिंगच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलेलं आहे, वाचणारे कमी.

परिणाम काय होतो, आकड्यांत पाहा. हिकारी हा कनेक्शन पूल काही न सांगता वापरला तर १० कनेक्शनं उघडून बसतो. कुणी अहवालासाठी प्रोटोटाइप बीन लिहिलं आणि त्यात स्वतःचा पूल बनवला; बंद करायचं काम @प्रीडिस्ट्रॉयवर सोपवलं. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शनं देतं, त्यांतली ३ सुपरयूजरसाठी राखीव. नऊ अहवाल निघेपर्यंत सगळं सुरळीत. दहाव्या पूलला पुरती जागा मिळत नाही, आणि डेटाबेस सगळ्यांनाच दारातून परत पाठवू लागतो. काट्याच्या पावतीलाही. अहवाल मागणारा तोवर चहाला गेलेला असतो.

सिंगलटनची खोड वेगळी. तो एकच असतो (एका कंटेनरमागे एक, अख्ख्या जेव्हीएममध्ये एक, असं नव्हे) आणि टॉमकॅटचे थ्रेड मुळात २०० पर्यंत जातात. म्हणजे एका ऑब्जेक्टच्या अंगणात एका वेळी दोनशे जण असू शकतात. काटानोंदीच्या सर्व्हिसमध्ये कुणी ‘चालू शेतकरी’ असं फील्ड ठेवलं, समजा. एक नंबर काट्यावरच्या कारकुनानं शेतकऱ्याचा कोड भरला, वजन स्थिर व्हायची वाट पाहिली. तेवढ्यात दोन नंबर काट्यावरच्यानं आपल्या ट्रॉलीचा कोड भरला. फील्ड एकच. पहिल्यानं पावती काढली ती दुसऱ्याच्या नावावर. वजन बरोबर, नाव चूक. आपल्याकडे काटामारीचा संशय आधीच घरोघरी, त्यात ही भर. आणि कार्यालयात बसून एकट्यानं तपासलं तर चूक दिसणारच नाही, कारण दोन ट्रॉल्या एकदम आल्याशिवाय ती घडतच नाही. क्लासच्या डोक्यावर @सर्व्हिस लिहिताना आपण ‘या ऑब्जेक्टमध्ये कुणा एकाची माहिती ठेवणार नाही’ असं वचन देत असतो. ते कुठंही लिहिलेलं नसतं, कंपायलर तपासत नाही.

यावर उपाय म्हणून कुणीतरी सुचवतं: त्या माहितीचा वेगळा क्लास करा, त्याला प्रोटोटाइप करा, सर्व्हिसमध्ये इंजेक्ट करा. इथं सगळ्यात शांत सापळा आहे. सिंगलटन एकदाच तयार होतो, म्हणून त्यात इंजेक्शनही एकदाच होतं. आत आलेला प्रोटोटाइप मग सिंगलटन जगेल तोवर तिथंच राहतो. नाव प्रोटोटाइप, वागणं सिंगलटनचं, आणि चूक जिथल्या तिथं. रिक्वेस्ट किंवा सेशन स्कोपचं बीन असं कोंबलं तर निदान सर्व्हर उठताना स्प्रिंग ओरडतं की सध्या तो स्कोपच चालू नाही. प्रोटोटाइपच्या बाबतीत तेही नाही. अल्पायुषी गोष्ट दीर्घायुषी गोष्टीच्या पोटात ठेवायची असेल तर मधे काहीतरी लागतं: स्कोप्ड प्रॉक्सी, किंवा दर वेळी मागून घेण्यासाठी ऑब्जेक्टप्रोव्हायडर. पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण याच्यावर खर्च केलं आहे. वाचक कंटाळला तरी चालेल, असं ठरवूनच केलं आहे.

वर म्हटलं होतं की शब्द सारखे, अर्थ वेगळे. सीडीआयमध्ये @डिपेंडंट हा स्कोप स्प्रिंगच्या प्रोटोटाइपसारखा दिसतो. प्रत्येक मागणाऱ्याला नवा ऑब्जेक्ट. पण तिथं तो आपल्या मालकाला बांधलेला असतो, आणि मालक नष्ट झाला की कंटेनर त्याचंही @प्रीडिस्ट्रॉय चालवतो. स्प्रिंगमधून सीडीआय वापरणाऱ्या क्वार्कसमध्ये जाणाऱ्याला ही सुखद भेट, उलट येणाऱ्याला खड्डा. रिक्वेस्ट-सेशन स्कोपना प्रॉक्सी लावायचं कामही सीडीआय आपणहून करतं. ग्यूसनं तर @पोस्टकन्स्ट्रक्ट आणि @प्रीडिस्ट्रॉय यांना मुळातच घरात घेतलं नाही. आणि अँड्रॉइडवाल्यांचं डॅगर सगळी जोडणी कंपाइल होतानाच करून टाकतं. चालू प्रोग्राममध्ये ॲनोटेशन वाचायला कुणी बसलेलंच नसतं, त्यामुळे निरोपाची मेथड वगैरे काही नाही. २०२० मध्ये आलेल्या हिल्टनं स्कोपांची सांगड अँड्रॉइडच्या ॲक्टिव्हिटीशी घातली आणि फोन आडवा केल्यावर काय टिकावं, काय मरावं, याची नावं ठरवून दिली. त्या वाटेनं हे पुस्तक फार आत जात नाही.

आता शेवट. म्हणजे ऑब्जेक्टचा.

@प्रीडिस्ट्रॉयची मेथड चालण्यासाठी कंटेनर नीट बंद व्हावा लागतो. लिनक्सवर साधा ‘किल’ दिला तर प्रोसेसला सूचना मिळते, जेव्हीएम आपले शटडाउन हुक चालवतो, स्प्रिंग बूट कंटेनर मिटवतं, बीनं उलट्या क्रमानं निरोप घेतात. ‘किल -९’ दिला तर यातलं काहीही होत नाही. कुबरनेटिस आधी साधी सूचना देतं, मुळात ३० सेकंद थांबतं आणि मग तोच घाव घालतं. तुमच्या @प्रीडिस्ट्रॉयला चाळीस सेकंद लागत असतील तर शेवटचे दहा कधीच येत नाहीत. आणि वीज गेली तर विचारायलाच नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा गावात शिरली तेव्हा ज्यांनी अंधारात काढलेल्या रात्री पाहिल्या, त्यांना हे समजावायला नको. बॅटरी संपली की सर्व्हर जातो, कुणाचा निरोप न घेता.

म्हणून एक नियम पुस्तकभर पाळला आहे. जे हरवलं तर शेतकऱ्याचे पैसे हरवतील, ते @प्रीडिस्ट्रॉयच्या भरवशावर ठेवायचं नाही. पावती झाली त्याच क्षणी ती डेटाबेसमध्ये. दिवसभर मेमरीत साठवून रात्री बंद होताना लिहू, हा विचार मनातही आणायचा नाही. @प्रीडिस्ट्रॉयमध्ये पोर्ट सोडा, थ्रेड थांबवा, तात्पुरत्या फायली पुसा. झालं तर छान, नाही झालं तर सकाळी काटा चालू झाला पाहिजे.

मग पोर्ट सोडायची तरी गरज काय, प्रोसेस मेली की ऑपरेटिंग सिस्टिम ते सोडवतेच की, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतो. बरोबर आहे, प्रोसेस मेली तर. पण कितीतरी ठिकाणी अजून टॉमकॅट चालू ठेवून त्यात नवी वॉर फाइल टाकण्याची पद्धत आहे. जुनं ॲप्लिकेशन उतरतं, नवं चढतं, जेव्हीएम तोच. जुन्यानं पोर्ट सोडलं नसेल तर नव्याला ‘पोर्ट वापरात आहे’ असं उत्तर मिळतं, आणि ऐन हंगामात काट्यासमोर ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर जाते. उलटाही प्रकार होतो. @बीनच्या मेथडमधून परत दिलेल्या ऑब्जेक्टमध्ये ‘क्लोज’ किंवा ‘शटडाउन’ नावाची मेथड दिसली तर स्प्रिंग बंद होताना ती आपणहून चालवतं. बहुतेक वेळा हे हवंच असतं. पण तो ऑब्जेक्ट सर्व्हरकडून उसना घेतलेला असेल, इतर ॲप्लिकेशनंही तो वापरत असतील, तर आपण जाताना शेजाऱ्यांचाही दिवा मालवून जातो. तेव्हा डिस्ट्रॉयमेथडपुढे रिकामी स्ट्रिंग लिहून स्प्रिंगला हात आवरायला सांगावं लागतं.

वाचणाराच नसला तर काय होतं, याचा नमुना जावानंच २०१८ मध्ये दाखवला. जावा ११ मधून ज्या जुन्या एंटरप्राइज गोष्टी काढून टाकल्या त्यांत @पोस्टकन्स्ट्रक्टचं पॅकेजही गेलं. नवा कोड कंपाइल करणाऱ्याला लगेच चूक दिसली. त्यानं ते वेगळी लायब्ररी म्हणून जोडलं, प्रश्न मिटला. अडकले ते, ज्यांनी जावा ८ वर कंपाइल केलेली जुनी जार फाइल तशीच जावा ११ वर चालवली. जेव्हीएमला एखाद्या ॲनोटेशनचा क्लासच सापडला नाही तर तो तक्रार करत नाही. ते ॲनोटेशन नव्हतंच असं समजून पुढे जातो. सर्व्हर उठला, लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही, आणि @पोस्टकन्स्ट्रक्टची मेथड चाललीच नाही. कोडमध्ये पाहावं तर ॲनोटेशन जागच्या जागी. त्यानंतर सगळं जाकार्ता नावाच्या पॅकेजमध्ये हललं आणि २०२२ च्या नोव्हेंबरात आलेल्या स्प्रिंग ६ नं तीच नावं स्वीकारली. म्हणून इंटरनेटवरचं जुनं उदाहरण उतरवून घेताना वरच्या इम्पोर्टच्या ओळी वाचायची सवय लावून घ्या.

याच जातीचा, पण रोज घडणारा प्रकार म्हणजे स्वतः ‘न्यू’ लिहून बनवलेला ऑब्जेक्ट. क्लासवर @कंपोनंट आहे, मेथडवर @पोस्टकन्स्ट्रक्ट आहे, पण ऑब्जेक्ट कंटेनरनं बनवलेलाच नाही. मग इंजेक्शन नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. सगळी ॲनोटेशनं मुकी.

पुस्तक वाचायच्या पद्धतीविषयी दोन शब्द. पहिल्या प्रकरणात एक छोटा प्रोग्राम आहे. त्यात एक सिंगलटन, एक प्रोटोटाइप आणि एक ‘न्यू’नं बनवलेला ऑब्जेक्ट, प्रत्येकाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, @पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये आणि @प्रीडिस्ट्रॉयमध्ये एकेक ओळ छापायची. चालवण्याआधी कोणत्या ओळी कोणत्या क्रमानं उमटतील ते कागदावर लिहा. मग तो कंट्रोल-सी दाबून बंद करा, पुन्हा चालवून साध्या ‘किल’नं, आणि शेवटी ‘किल -९’नं. कागदाशी ताडून पाहा. विंडोजवर काम करणाऱ्यांनी यातला कंट्रोल-सीचा प्रयोग कमांड प्रॉम्प्टवरूनच करावा. एक्लिप्समधलं लाल चौकोनी बटण विंडोजवर प्रोसेस तिथल्या तिथं संपवतं, त्यामुळे ते दाबून प्रोग्राम बंद करणाऱ्यांना @प्रीडिस्ट्रॉयची ओळ पडद्यावर दिसणारच नाही आणि दोष मात्र पुस्तकातल्या कोडला जाईल.